अमृतशेठची फिरणारी फरशी

मोरबी, शनिवार

तीर्थस्वरूप देवशीमामांच्या पायांवर भाचा लवजीचं डोकं, आणि जय श्रीकृष्ण.

थंडीत मामींचे गुडघे आणि तुमचं पोट दोन्ही कुरकुरतात, तरी ठीक असतील असं धरून चालतो. (सकाळचे तळलेले गांठिये सोडा असं सांगणार नाही. राजकोटात राहून ते कुणाला जमलंय?)

मामा, तुम्ही फरशी विकता, मी पारखतो, आणि आपलं गाऱ्हाणं एकच आहे. फरशी वाकडी निघाली की गिऱ्हाईक तुम्हाला शिव्या घालतं, तुम्ही मला घालता, आणि सचोटीवर भाषण शेठ करतो. तुम्ही फोनवर म्हणालात, "शेठची माफी माग आणि मोकळा हो." शेठची बाजू ऐकलीत, आता माझी ऐका.

आमच्या अमृतशेठना यंदा नीतीचा ताप चढला. (परदेशी गिऱ्हाइकांना म्हणे नीतिमान कारखाने आवडतात.) भिंतीभिंतीवर 'आम्ही खरं बोलतो' अशा पाट्या लागल्या. तक्रारींसाठी सत्यपेटी आली. ती शेठच्या दाराशी, कॅमेऱ्याखाली, आणि किल्ली शेठच्या खिशात. पॅकिंगच्या हंसाबेन म्हणाल्या, "आत काय टाकू, भाई? राजीनामा?" रोज सकाळी भट्टीसमोर हात पुढे करून आम्ही शपथ घ्यायचो, आणि शपथ संपली की सुपरवायझर हळूच सांगायचा, दुय्यम माल अव्वलच्या खोक्यांत भरा, घाई आहे.

नीती सप्ताहाच्या समारोपाचं भाषण अर्थातच माझ्याकडे आलं. लग्न असो की बारावं, मोरबीतला माईक मला ओळखतो. शेठ म्हणाले, "लवजीभाई, असं बोला की डोळ्यांत पाणी आलं पाहिजे." आलं, पण शेठच्या.

मी म्हणालो, कारखान्यातली माणसं शेठची पाटी वाचत नाहीत, शेठचा हात बघतात. तो कुठला माल कुठल्या खोक्याकडे दाखवतो, तीच कारखान्याची नीती. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. तिथंच बसायला हवं होतं, पण रंगात आलेला वक्ता बसतो थोडाच. मी अव्वलचं खोकं फोडलं, दोन फरशा काढल्या, तोंडाला तोंड लावून टेबलावर ठेवल्या आणि वरचीला टिचकी मारली. सपाट असती तर जागची हलली नसती. ही पोटाशी फुगलेली, त्यामुळे नवरात्रातल्यासारखी गिरक्या घेऊ लागली. हंसाबेननी गरब्याची टाळी धरली, मग सगळ्या बायांनी धरली. शेवटी शेठनी स्वतः पंजा ठेवून तिला थांबवलं.

मला काढलं नाही. (नीतिमान कारखान्यात खरं बोलणाऱ्याला काढत नाहीत.) मला नीतिप्रमुख केलं आणि सत्यपेटीशेजारी खुर्ची दिली. माझा पारखणीचा शिक्का मात्र काढून शेठच्या मेव्हण्याकडे दिला. आता वाकड्या मालावर तो माझं नाव उठवतो. खुर्ची खुशाल कोपऱ्यात ढकला, पगार कापा. पण ते नाव मला पाळण्यात घालून आत्यानं ठेवलंय, शेठनं नाही. आणि वर मीच माफी मागू? नाही मागणार. मला कुणाच्या मदतीची गरज नाही, तुमच्याही नाही.

आपला भाचा,
लवजी

ता. क. मामींना गुडघ्यासाठी तेल पाठवतो आहे. ते भजी तळायला वापरू नये.

पुन्हा ता. क. गरज नाही असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. माझ्या शिक्क्याचा ट्रक मंगळवारी तुमच्या दुकानी येतोय. शेठनं तो मुद्दाम भर दुपारी पोचेल असा सोडायला सांगितलाय. जेवणानंतर सगळं राजकोट आडवं होतं आणि हमाल न बघता माल उतरवून घेतात, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. त्याचा सगळा वाकडेपणा तुमच्या झोपेवर चाललाय, मामा. मी इथून कितीही गर्जना केल्या तरी माल परत फिरवू शकतो तो तुम्हीच. तेव्हा मंगळवारी दुपारी झोपू नका. खोकं फोडा, दोन फरशा तोंडाला तोंड लावा, टिचकी मारा. फिरली, तर ट्रकही फिरवा.