रोहित पक्षी आणि मामांचा टेम्पो

१५ फेब्रुवारी १९९६, गुरुवार. माळेगाव.
सासऱ्यांकडून, म्हणजे मामांकडून, टेम्पो मिळाला. रविवारी मेहुण्याचं, ऋषिराजचं लग्न. त्याच गाडीतून वऱ्हाड भवानीनगरला न्यायचंय. त्याआधी सर्व्हिसिंग करून आणतो म्हणालो. खोटं नाही. गाडीलाही हवापालट लागतो. मागं गाद्या, स्टोव्ह, पडदे. परदेशात याला फिरतं घर म्हणतात. संकल्प : उजनीच्या पाण्यावर एक मुक्काम, शंभर रोहित पक्षी, शनिवारी दुपारी परत. रोहिणी म्हणाली, हळदीला तरी या. बायकोला प्लॅनिंग कळत नाही.

१६, शुक्रवार. सकाळी ११.
कुंभारगाव. होड्या, वाळत घातलेली जाळी. पक्षी लांब, नुसती गुलाबी रेघ. दत्तोबा भोई म्हणाले, गाडी रस्त्यावरच ऱ्हाऊ द्या, होडीतनं दावतो. म्हणे पाणी हटलं तितं वर पापुद्रा, खाली लोणी. रोहित येतो तो गाळासाठीच. मी सांगितलं, उसाच्या ओल्या फडातनं ट्रॉल्या काढल्यात आम्ही.

१२.१०. गाडी पाण्याकडं उतरवली. मागची चाकं किंचित बसली. पार्किंग पक्कं झालं.

५ वाजता. एक्सलपर्यंत. चाकांखाली गाद्या घातल्या. गेल्या. पडदेही गेले.

१७, शनिवार. सकाळी ६.
आज हळद. दत्तोबा म्हणतात, ट्रॅक्टर आणला तर त्योबी बसंल. माणसंच लागतील, पण सगळी जाळ्यावर गेलीत, उद्या येतील. मी घाबरलेलो नाही. फावडं घेतलं.

दुपारी २. एसटीडी बूथ. फोन मामांनीच उचलला. सांगितलं, काम चालूय, माणूस कालपासून गाडीखालीच आहे. हे शंभर टक्के खरं. मामा म्हणाले, पोराचं लगीन हाय, सकाळी आठला गाडी दारात पायजे.

१८, रविवार. सकाळी ९.
आठ वाजून गेले. वीस-बावीस भोई, जाळ्याचे दोर. गाडी इंचभर हलते, परत बसते. मुहूर्त १२.३५. रडू आलं. चिखलामुळं कुणाला दिसलं नाही.

११.५०. निघाली! सगळ्यांना म्हटलं, बसा मागं, लग्नाला जेवायलाच चला.

संध्याकाळी ६. भवानीनगर.
अक्षता चुकल्या. नवरदेव उसाच्या ट्रॉलीतून आला, फेट्यात पाचट. मामांनी भोयांना स्वतः वाढलं. मग भरल्या पंगतीत मला विचारलं, पक्षी तरी किती बघितलं. मी म्हणालो, शंभर. दत्तोबा भात कालवत म्हणाले, शंभर न्हाय, तीनशे व्हतं, दोन दिस गाडीच्या मागंच चरत व्हतं. पर पाव्हणं गाडीखालनं भाईर आलंच न्हाईत.

पुढच्या रविवारी दत्तोबांच्या होडीतून सगळं घर पक्षी बघायला जाणार आहे. मी गाडी राखायची. डांबरी रस्त्यावर. किल्ली मामांकडे.