पन्नास नंबर बंद आहे

२ डिसेंबर, मंगळवार

कॉम्प्युटरला नेट नाही!

काल संध्याकाळी मंठ्याहून दोन दिवसांनी परतलो. दमलो होतो, हात लावला नाही. आज सकाळी साडेसहाला चालू केला तर कोपऱ्यात पिवळा त्रिकोण. माझ्या मोबाइलला नेट आहे, सुरेखाच्या मोबाइलला आहे, टीव्हीलाही आहे. वायफायचा डबा एकच, घर एकच. मग याच्यावरच राग का?

म्हणजे बाहेरची लाइन ठीक. बिघाड डबा ते कॉम्प्युटर या अकरा मीटरमध्ये आहे. वायर मीच टाकली, पिना मीच चेपल्या. बघू.

सुरेखा चहा देताना म्हणाली, "आवो, तुम्ही मंठ्याला गेल्ते ना, तवा—"

मी हात वर केला. "सांगू नको."

"ऐकून तं घ्या."

"न्हाई म्हणलं ना!"

कप आपटला नाही, पण ठेवला तसाच.

तिला राग आला तरी माझा नियम बरोबर आहे. तेवीस वर्षं पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरतो, नव्यानं तार गुंडाळून; कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. गिऱ्हाईक सांगतं "बेअरिंग गेली" आणि निघते आतली वाइंडिंग जळालेली. दुसऱ्याचं आधी ऐकलं की डोकं तिकडंच पळतं. बिघाड आपल्या डोळ्यांनी शोधायचा.

३ डिसेंबर, बुधवार

वायर काढली. डबा कपाटावर आहे, वर सुरेखाचं क्रोशाचं झाकण. टीव्ही, मिक्सर, डबा — घरात उघडं काही राहत नाही! झाकण न हलवता मागून हात घालून चाचपत पिन काढली. मला बघावं लागत नाही, बोटांना कळतं. जाळीतून हिरवे दिवे लुकलुकताना दिसले. म्हणजे डबा ठणठणीत.

वायर जमिनीवर पसरून मल्टिमीटर लावला. आठच्या आठ तारा बोलल्या. तरी दोन्ही पिना नव्या चेपल्या. फरक नाही.

मग कॉम्प्युटरला स्वतःलाच हाक मारायला लावली — 127.0.0.1. चारही वेळा ओ दिली. डब्याला हाक मारली — 192.168.1.1. एकदाही ओ नाही! दोघांमधली वायर चांगली, दोघं जिवंत, आणि बोलत नाहीत. नवराबायकोसारखं झालं.

शीतलचा छत्रपती संभाजीनगरहून फोन. ती रविवारी येतेय, माझ्यासाठी लॅपटॉप घेऊन. "बाबा, तो डबडा आता भंगारात द्या ना. चौदा वर्षं झाली त्याला."

"चालू करून दाखवतो."

"आणि न्हाई झाला तर?"

"तर रविवारी तूच ने भंगारात. शब्द देतो."

बोलून गेलो. फोन ठेवल्यावर कॉम्प्युटरमधल्या नोंदी उघडून बसलो. त्यात चार हजार एकशे बारा मोटारी आहेत — कोणती कधी आली, किती वेढे, कोणत्या गेजची तार. जुन्या वह्यांतून एकेक नोंद मी त्यात भरली. शीतल म्हणते सगळं लॅपटॉपमध्ये टाकता येतं. येत असेल. पण मी ज्याच्यावर शिकलो ते यंत्र माझ्याच हरण्यामुळं भंगारात जायचं?

४ डिसेंबर, गुरुवार

लॅन कार्ड बदललं. भंगारात आलेल्या एका कॉम्प्युटरमधलं काढून ठेवलेलं होतं, कागदात गुंडाळून, वर तारीख लिहून. ब्रशनं धूळ काढली. चालू केलं, दिवा लागला, आनंद झाला — पुन्हा त्रिकोण.

नव्या कार्डाला जुनाच पत्ता दिला. 192.168.1.50. कॅबिनेटवर ऑइलपेंटनं तो लिहिलेलाच आहे, मोटारीवर नंबर टाकतो तसा. बाकीची यंत्रं डब्याकडून रोज मिळेल तो पत्ता घेतात, भाड्याच्या खोलीत राहिल्यासारखी. माझ्या कॉम्प्युटरला मी २०१६ साली कायमचा पत्ता दिला. पन्नास नंबर. इतक्या वर्षांत एकदाही हललेला नाही.

मंठ्याचा राजानंद, तोही मोटारी भरतो, एका जुन्या साडेसात एचपीचे आकडे मागतोय. मेलवर तक्ता पाठवायची माझी पद्धत. फोनवर आकडे सांगत नाही, एक वेढा चुकला तर मोटार जळते. आज सांगावं लागलं, नेट बंद आहे.

"तुमचं? बंद?" म्हणाला. "कल्याणभाऊ, मंग स्क्रीनचा फोटो काढून टाका ना."

टाकला. लाज वाटली.

५ डिसेंबर, शुक्रवार

वेळ नाही. गव्हाला पाणी चालू आहे, एका दिवसात चार मोटारी जळून आल्या. सुरेखानं कॉइलींना दोरा बांधला, मी वेढे मारले. मध्येच म्हणाली, "त्या कॉम्प्युटरचं मी—" मी बघितलं, तिनं पुढचा दोरा ओढला.

६ डिसेंबर, शनिवार

सापडलं! पण जसं सापडायला हवं होतं तसं नाही. क्रमानं लिहितो.

सकाळी वाटलं, जो चालतो त्याचं नाडीपरीक्षण करू. मोबाइलमध्ये वायफायच्या नावावर बोट दाबलं, आत त्याचा पत्ता दिसला — 192.168.0.104. सुरेखाचा बघितला — 192.168.0.102. टीव्हीचाही तसाच. तिसरा आकडा सगळ्यांचा शून्य, माझ्या एकट्याचा एक. सगळं घर एका गल्लीत राहायला गेलं आणि पन्नास नंबर जुन्या गल्लीत दार ठोठावत बसलाय!

पण डबा आपली गल्ली आपोआप कशी बदलेल? वायफायचं नाव तेच, पासवर्ड तोच. कुतूहल बसू देईना. स्टूल घेतलं, वर चढलो, झाकण उचललं.

डबा दुसराच! नवा कोरा. आणि त्याला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी — माझ्याच दुकानातली, मोटारीला बांधतो ती. जो उघडेल त्यानं चिठ्ठी बांधायची, हा दुकानाचा नियम. मी छापूनच घेतल्यात.

तारीख : ३० नोव्हेंबर
बिघाड : जादा व्होल्टेजनं जुना जळाला
काय केलं : नवा बसवला. नाव, पासवर्ड जुनंच ठेवलं. पत्ता 192.168.0.1. कॉम्प्युटरचा पत्ता बदलायचा राहिला, तो त्यांच्या हातचा.
हात : कल्याण — छापलेलं. त्यावर पेनाची रेघ, आणि बाजूला 'सुरेखा'.

दोरा सोडला, खाली उतरलो.

चिठ्ठी घेऊन स्वयंपाकघरात गेलो. "हे कुणी केलं?"

"लिहिलंय ना खाली."

"आणि नेटवाला दानियाल?"

"डबा टेकवून गेला. म्हणला, चाची, उद्या येतो. त्याचा उद्या कवा उजाडतो तुमाला ठाऊक हाय. मंग फोनवर त्याला एकेक विचारलं न् केलं."

"पासवर्ड जुनाच कामून ठेवला?"

"सगळ्या फोनांत परत कोण टाकत बसंल? तुमीच म्हणता, काम असं करावं का गिऱ्हाइकाला कळू नये."

"शिकलीस कुठं?"

भाकरी उलटली तिनं. "चौदा वर्षं चहा घेऊन कुणाच्या मागं उभी राह्यले मी?"

जाऊन कॉम्प्युटरचा पत्ता बदलला. डब्याला हाक मारली, चारही वेळा ओ आली. जेवढा आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. कॅबिनेटवरचा आकडा मात्र पॉलिश पेपरनं घासून काढला.

७ डिसेंबर, रविवार

शीतल आली. आल्या आल्या कॉम्प्युटरपाशी गेली. "अय्यो, चालू केला की!"

"तुझ्या आईनं अर्धा केला," मी म्हणालो. "लॅपटॉप तिला दे."

"मला कशाला?" सुरेखा म्हणाली. पण हात पुसून घेतला. झाकण किती मोठं विणावं लागेल ते मापत होती.

८ डिसेंबर, सोमवार

नोंदी उघडल्या. चार हजार एकशे बारा, शुक्रवारच्या धरून चार हजार एकशे सोळा. 'हात' या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच नाव. त्यातल्या किती मोटारींचा दोरा मी बांधला? मला आठवतात तेवढ्यांत एकही नाही.

पहिलीपासून दुरुस्त करायला बसलोय. आज चाळीस झाल्या.