पिवळ्या पट्टीची बाटली

प्रिय शिट्टी,

पाकीट हातात पडल्या पडल्या आधी उलटं करून बघशील, कुणाचं आहे ते. माझंच आहे. फेकू नकोस, आत धमकी नाही की रडारड नाही. फोन तू उचलत नाहीस, मेसेजला दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे सामसूम. म्हणून कागद घेतला. कागदाला निळ्या खुणा येत नाहीत, त्यामुळे तू वाचलंस की नाही या काळजीत मला निदान लिहिता तरी येईल.

आज सकाळी परत रस्त्यावर उतरले. तोच आपला कालव्याच्या कडेचा रस्ता, तोच पूल, पुलाखाली तीच बेकरी. बेकरीवाला ट्रे बाहेर काढत होता. मला बघून आत ओरडला, "अगं ये बाहेर, बदकाची स्वारी निघाली!" त्याची बायको पिठाचे हात घेऊन दारात आली आणि दोघं पोट धरून हसले. शिट्टी, मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मधले महिने तो मला बघितलं की मान खाली घालून पाव रचत बसायचा. आपल्या या शर्यतीच्या चालण्याला लोक हसतात, आपण कंबर हलवत जातो आणि गल्लीतली पोरं मागून नक्कल करत येतात, याची आपल्याला लहानपणापासून सवय. पण रोज चिडवणारा माणूस गप्प झाला ना, की खरं कळतं आपलं काय झालंय ते. आज तो हसला आणि मला वाटलं, चला, सुटले.

तुला तो दिवस कधी सांगितलाच नाही. सांगणार कसा, आपण बोलत कुठे होतो! मी आईच्या दुकानात होते. तुला आठवतं ना ते दुकान, कपडे उसवून परत घालण्याजोगे करून देतात ते, पाय पसरायला जागा नाही, चारी बाजूंनी दुसऱ्यांच्या पँटी लटकलेल्या. आई एका गिऱ्हाइकाचा कोट बेतत होती, तोंडात टाचण्या. संघटनेच्या ऑफिसातून फोन आला. शर्यतीनंतर घेतलेल्या नमुन्यात स्टेरॉइड सापडलंय, आजपासून खेळायचं नाही, सुनावणी होईल. मी फोन ठेवून तेच शब्द आईला जसेच्या तसे सांगितले, वर्गात धडा म्हणून दाखवावा तसे. तोंडात टाचण्या असल्यामुळे तिला ओरडताही येईना. तिने एकेक टाचणी काढली, गादीला खोचली, आणि मग मला विचारलं, "काय खाल्लंस तू?" काय घेतलंस असं नाही विचारलं. बाहेरचं काहीतरी खाऊन पोट बिघडल्यावर विचारते तसं, काय खाल्लंस. त्या एका शब्दावर मी पुढचे सगळे दिवस काढले.

मग घराची झडती सुरू झाली. आम्हीच घेत होतो आमच्या घराची. वकीलबाईंनी पहिल्या भेटीत नियम समजावून दिला : तुझ्या शरीरात जे सापडलं, त्याची जबाबदारी तुझी. ते तिथे कसं गेलं हे तू दाखवायचं, त्यांनी नाही. नाहीतर बंदी, आणि ती किती वर्षांची हे त्यांच्या हातात. म्हणून घरात जे जे तोंडात किंवा अंगावर जातं, ते सगळं डब्यात भरून तपासायला पाठवलं. माझ्या व्हिटॅमिनच्या गोळ्या, सरावानंतर मास्तर पोटऱ्यांना चोळायला देतात ते तेल, आईचा कफाचा काढा. आत्याची गोरं व्हायची क्रीमसुद्धा. आत्या आधी घाबरली, मग रुसली. क्रीममध्ये कसलंच औषध सापडलं नाही असा रिपोर्ट आला तेव्हा म्हणाली, "तरीच! दोन वर्षं फासतेय, फरक कसा तो नाही." आम्ही सगळे इतके हसलो, आणि मग एकदम कुणीच हसेना. कारण डबा संपला होता. ते औषध कशातच नव्हतं.

मला एकच गोष्ट आठवत होती. कडू पाणी. शर्यतीच्या दिवशी वारा किती सुटला होता ते तुला मी काय सांगणार. पेयांच्या टेबलावरच्या सगळ्यांच्या बाटल्या आडव्या झाल्या, कार्यकर्त्या मुलींनी धावपळ करून उभ्या केल्या, कुणाची कुठे गेली देव जाणे. मी वळणावरून आले. थांबायला वेळ नाही, पळायला परवानगी नाही, एक पाय जमिनीवर असलाच पाहिजे, समोर पंच लाल कार्ड लिहायला टपलेला. अशात बाटलीवरचा नंबर कोण वाचतं? पिवळी पट्टी दिसली, उचलली. दोन मोठे घोट घेतले. कडूजार! मला वाटलं आईने लिंबू बियांसकट पिळलं. उरलेलं डोक्यावर ओतलं आणि पुढे गेले. वकीलबाईंना हे सांगितलं तर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "बाळ, पाणी कडू लागलं हा पुरावा नसतो गं." मास्तर बाजूला बसले होते, तेही माझ्याकडे न बघता वहीत रेघोट्या ओढायला लागले.

आता त्या पिवळ्या पट्टीबद्दल. हॉस्टेलच्या आपल्या खोलीचा तो पिवळा पडदा! तू मला कंबर कशी फिरवायची ते शिकवत होतीस, दोन पलंगांच्या मधल्या वीतभर जागेत, आणि मी वळताना पडद्यात अशी गुंडाळले गेले की दांडीसकट खाली. पडदा टराटरा फाटला. वॉर्डनबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मुलींनो, तुम्ही चालता की कुस्ती खेळता?" दुसऱ्या दिवशी जिल्ह्याची शर्यत होती. त्याच चिंध्या आपण बाटल्यांना बांधल्या, आणि दोघी पहिल्या दोनात आलो. तेव्हापासून पिवळी पट्टी. मग निवड शिबिराची ती एकच जागा, आणि तुझं नाव, आणि माझा फुगलेला चेहरा, आणि तुझं ते "कशी आहेस" सुद्धा न विचारणं. कुणी कुणाशी बोलणं आधी बंद केलं, हे आता मला खरंच आठवत नाही. मला वाटायचं, तू ती पट्टी कधीच फेकून दिली असशील. मोठ्या शिबिरात गेलीस, तिथे छापील नावाच्या बाटल्या मिळत असतील. इतकी वर्षं त्याच शर्यतींत चाललो, पण तुझी बाटली मी कधी बघितलीच नाही गं. तुझ्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं ना.

सुनावणीची खोली तुला माहीत आहे, पण तू यायच्या आधीची नाही. लांब टेबल, मध्ये पाण्याचे जग, आणि गंमत म्हणजे माझ्यासमोरच्या जगमधलं पाणी प्यायची मला भीती वाटत होती. अध्यक्षबाई सौम्य होत्या. त्यांच्या डावीकडचे डॉक्टर मात्र सारखे एकच विचारत होते, "मग ते औषध आलं कुठून?" आणि मी सारखं एकच सांगत होते, माहीत नाही सर. वकीलबाई म्हणाल्या, एक साक्षीदार आज सकाळीच स्वतःहून आलाय. दार उघडलं आणि तू. निळा स्वेटर, केस घट्ट बांधलेले, शर्यतीला उभी राहतेस तसा चेहरा. खरं सांगू? मला वाटलं, आली ही आता माझा निकाल लावायला.

तू बसलीही नाहीस. म्हणालीस, "त्या दिवशी मी हिची बाटली प्यायले. म्हणजे हिने माझी घेतली." अध्यक्षबाईंनी विचारलं, तुम्हाला कसं कळलं ती हिचीच होती? त्यावर तू जे बोललीस ते मास्तर अजून घरोघरी सांगत फिरतात. "लिंबू दाबून आणि मीठ नावाला. मॅडम, इतकं आंबट माणसाच्या जातीत दुसरं कुणी पीत नाही. हॉस्टेलात हिच्याबरोबर राहून माझे दात आंबलेत." डॉक्टरसुद्धा हसले. आणि मग कुणाचंही हसू पुरतं ओसरायच्या आत तू दुसरं वाक्य बोललीस. "माझ्या बाटलीत माझं औषध होतं."

शिट्टी, मला काहीच माहीत नव्हतं. तुझ्या शरीरात एक गोष्ट तयारच होत नाही, ती रोज गोळीतून घ्यावी लागते, शर्यतीच्या ताणात जास्त लागते, म्हणून तू ती पाण्यात विरघळवून टेबलावर ठेवतेस. त्याची रीतसर परवानगी तुझ्याकडे आहे, आणि हे तुझे बाबा, तुझा डॉक्टर आणि परवानगी देणारे लोक सोडून कुणालाही ठाऊक नाही. तुझ्या कोचलासुद्धा नाही. का, तेही तू तिथेच सांगितलंस, माझ्याकडे न बघता : "स्टेरॉइड शब्द ऐकला की पुढचं कुणी ऐकून घेत नाही." पेपरात माझ्या बातमीत औषधाचं नाव वाचलंस आणि तुला सगळं जुळलं. तुझ्या डॉक्टरांनी कागद दाखवले, कुणीतरी काढलेला टेबलाचा व्हिडिओ लावला. पडद्यावर वारा, आडव्या बाटल्या, आणि दोन पिवळ्या पट्ट्या. तेव्हा मी तुझी पट्टी पहिल्यांदा बघितली. माझ्यापेक्षा जास्त विटलेली. म्हणजे तू ती जास्त धुतेस.

आणि व्हिडिओत पुढचंही दिसलं. तू टेबलाशी आलीस, उरलेली पिवळी बाटली उचललीस, घोट घेतलास, थबकलीस. तुला त्या क्षणी कळलं होतं की औषध गेलं. तरी तू शेवटपर्यंत चाललीस, दुसरी आलीस, आणि रेषेपलीकडे पडलीस. मी तेव्हा फोटोवाल्यांसाठी मेडल दातात धरत होते आणि तू तंबूत सलाइन लावून पडली होतीस. सगळे म्हणाले, ऊन लागलं. गप्प राहिली असतीस तर माझ्यावर बंदी आली असती, मेडल आपोआप तुझ्याकडे आलं असतं आणि तुझं गुपित गुपितच राहिलं असतं. घरबसल्या सगळं. तू मात्र ट्रेन पकडून आलीस, परक्या माणसांसमोर उभी राहिलीस आणि स्वतःचं आजारपण त्या टेबलावर ठेवलंस. मी तुझ्यासाठी असं केलं असतं का, हा प्रश्न मी स्वतःला विचारत नाही. इथून पुढे करेन, एवढं मला माहीत आहे.

निकाल अध्यक्षबाईंनी स्वतः वाचला. बाटली नीट न बघता उचलली, ही माझी हयगय, म्हणून ताकीद. बंदी नाही. पण औषध शरीरात होतंच, म्हणून नियमाप्रमाणे त्या शर्यतीतला माझा नंबर रद्द, मेडल परत. लोकांना वाटतं मला त्या शेवटच्या ओळीचं वाईट वाटलं असेल. आई तर समजूत घालायची तयारी करूनच बसली होती, आवडीची खीर वगैरे. मी म्हटलं, आई, मला इतका बरोबर निकाल आजवर कुठल्याच परीक्षेत मिळाला नव्हता. ते मेडल मी तुझं औषध पिऊन आणि तुला बिनऔषधाचं चालायला लावून मिळवलं होतं. मी ते मऊ फडक्याने पुसून, दातांचा ठसा जातोय का बघून, हसत हसत ऑफिसात दिलं. ठसा गेला नाही. सांभाळून घे.

आणि आता खरं कारण. काल ऑफिसात गेले होते, नाव पुन्हा नोंदवायला. तिथले क्लार्ककाका म्हणाले, ते मेडल अजून कपाटातच आहे, तू न्यायला आली नाहीस. कुरिअरने पाठवलं तर परत आलं. आणि पुढच्या शर्यतीतून तू नाव काढून घेतलंस. का, हे त्यांनी सांगितलं नाही, पण मी मोबाइल उघडला आणि तुझ्या फोटोखाली लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचलं. स्टेरॉइडवाली. त्यातल्या एकालाही पुढचं ऐकायचं नाही, अगदी तू म्हणाली होतीस तसं. मला तू सोडवलंस आणि माझ्या जागी जाऊन उभी राहिलीस. हे मला चालणार नाही. मी संघटनेला विचारलंय, शर्यत सुरू व्हायच्या आधी, सगळ्यांसमोर, ट्रॅकवर ते मेडल तुझ्या गळ्यात मी घालू का? आणि माईकवर, तुझी हरकत नसेल तरच, काय झालं ते मी माझ्या तोंडाने सांगू का? ते हो म्हणाले. नाव परत घालायची मुदत अजून आहे. ये ना गं. लोक बोलतील ते बोलतील, निदान दोघींना मिळून बोलतील. मेडल घे आणि मग मला हरव, औषध घेऊन, तुझ्या हक्काचं. पिवळी पट्टी आता तुझी एकटीची. मी आईकडून हिरवी कापून घेतलीय. लाल मिळत होती, पण मास्तर म्हणाले लाल नको, पंचांचा हात उगाच शिवशिवायचा. वळणावर आलीस की तुझ्या त्या फटीच्या दातांतून एकदा शिट्टी मार, टेबलावर हात घालायच्या आधी मी बघेन, कुठली माझी आणि कुठली तुझी.

तुझीच आंबट,
बदक