ताजं नाक

प्रिय भिंगरी,

काल तू घाईत होतीस, म्हणून विचारायचं राहून गेलं. सासूबाईंचा गुडघा कसा आहे? जिना चढू नका म्हटलंय ते ऐकतात, की तू कामावर गेलीस की गच्चीवर चक्कर मारून येतात? जावईबापूंचा खोकला गेला का? तुझी पाठ? गुंड्याचं शेवटी विचारतोय, पण मनात तोच पहिला आहे. काल घरी जाऊन जेवला का? पोट कसं आहे त्याचं?

तुझी काकू ठणठणीत आहे. माझ्यावर ओरडायला तिला दम पुरतो, म्हणजे बरीच म्हणायची. माझं नेहमीचंच, तो वास. कारखाना सोडून इतकी वर्षं झाली तरी मधूनच येतो. कधी जिन्यात, कधी कपाट उघडताना. काकू म्हणते, यांच्या नाकात कारखान्यानं बिऱ्हाड केलंय आणि जागा सोडायला तयार नाही. डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून पाहिलं, काही सापडलं नाही. मी हसण्यावारी नेतो. पण तुला खरं सांगतो, त्या वासाची मला भीती वाटत नाही. वाटतं, धाकटा येऊन गेला. तुझे बाबा.

अपघातात गेले, एवढंच आम्ही तुला सांगत आलो. आज बाकीचं लिहितो. कागदाचा लगदा मूळचा मळकट तपकिरी असतो. तो पांढरा करायला आम्ही क्लोरीन डायऑक्साइड बनवायचो. पिवळट हिरवा वायू. एक क्लोरीन, दोन ऑक्सिजन, आणि एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना एकटा. हे मी पुढे वाचनालयात बसून वाचलं. तेव्हा आम्हाला एवढंच ठाऊक, की या प्राण्याला स्वस्थ बसवत नाही. भेटेल त्याच्याकडून हिसकावून घ्यायचं, हा त्याचा स्वभाव. कोंडला की भडकतो, ऊन लागलं की मोडतो. म्हणून त्याला सिलिंडरमध्ये भरून कुठे पाठवत नाहीत. लागेल तिथेच करायचा, लगेच गार पाण्यात विरघळवायचा आणि अंधारात ठेवायचा. आमच्या खोलीच्या काचा काळ्या रंगवलेल्या होत्या. वायू पाण्यात विरघळवायच्या उंच टॉवरचं झाकण मुद्दाम सैल ठेवलेलं. वायू बिथरला की ते धप्पकन उचललं जायचं आणि टॉवर वाचायचा. आम्ही म्हणायचो, म्हातारीनं उसासा टाकला.

आणि आमची एक रीत होती. वासाच्या बाबतीत आत बसलेल्या माणसावर भरवसा ठेवायचा नाही. थोड्या वेळानं नाकाला सवय होते, गळती असली तरी कळत नाही. म्हणून पाळी बदलताना बाहेरून येणाऱ्यानं दारात थांबून हुंगायचं, आणि मगच आतल्याला सोडवायचं. त्याला आम्ही ताजं नाक म्हणायचो. कुणी शिंकत आला की फोरमन म्हणायचा, हे नाक दुरुस्तीला टाका, दुसरं आणा.

त्या दिवशी आत मी होतो आणि ताजं नाक होता धाकटा. तो आवारातून येत असतानाच म्हातारीनं उसासा टाकला. एरवी तो ढग वर निघून जायचा, त्या दिवशी वाऱ्यानं खाली दाबला, नेमका त्याच्यावर. मी दाराआड सुखरूप. तो खूप खोकला, डोळे धुतले, आणि मला म्हणाला, दादा, तुझा लगदा राहिला बाजूला, मीच पांढरा झालो. सगळे हसले. मीही हसलो. त्याला घरी पाठवलं. घरी त्यानं तुला खांद्यावर घेऊन गरगर फिरवलं. तुझं भिंगरी हे नाव त्या संध्याकाळचं आहे. हा वायू सगळं लगेच दाखवत नाही. हळूहळू त्याच्या फुप्फुसात पाणी भरत गेलं, आणि उजाडता उजाडता कोरड्या खोलीत, आमच्या डोळ्यांदेखत तो बुडाला.

काल दुपारी तू गुंड्याला मांडीवर घेऊन बसलीस आणि तो वास आला. इतका स्पष्ट कधी आला नव्हता. मला वाटलं, धाकटा नातवाला बघायला आलाय. मी मनातल्या मनात त्याला म्हटलं, बघ रे, जिवणी तुझीच आहे. तू पेल्यातून औषध पाजत होतीस, तो तोंड फिरवत होता, आणि तू म्हणत होतीस, शहाणा ना माझा, एवढंच घे, मग आजोबांना हाक मारशील. मला भरून आलं होतं, औषध कसलं ते विचारायचंही सुचलं नाही.

तुम्ही गेल्यावर काकूनं तो पेला विसळायला घेतला आणि आतून हाक मारली, अहो, इकडे या जरा, तुमचा तो वास आज मलाही येतोय.

भिंगरे, तो धाकटा नव्हता. दोन बाटल्यांतले थेंब एकत्र करून त्याच वायूचं पिवळं पाणी करायचं, आणि त्यानं न बोलणारी मुलं बोलतात असं सांगून विकायचं, हे मी वाचलं होतं. आपल्या घरात येईल असं वाटलं नव्हतं. नळाच्या पाण्यातही घालतात, असं तुला कुणी सांगितलं असेल. ते खरं आहे, पण कणभर, आणि मोजूनमापून. लगद्यातला रंग कुठला आणि पोराच्या आतड्याचं अस्तर कुठलं, हे त्याला कळत नाही. मी रागावलेलो नाही. चार वर्षांच्या पोराच्या तोंडून एकदा आई ऐकायला मिळावं, म्हणून कुठल्या आईनं काय केलं नसतं? तुला वास येत नसेल. तू रोज त्याच खोलीत असतेस. आज बाहेरून मी आलोय, मला दारात थांबून सांगू दे. गुंड्याला बोलता येत नाही, म्हणजे जळतंय हेही सांगता येत नाही. तो तोंड फिरवतो, ते त्याचं बोलणंच आहे.

फोन हातात घेतला होता, पण धाकट्याचं मला तोंडानं सांगता येत नाही, आजवर आलं नाही. म्हणून पत्र, आणि तेही काकूच घेऊन येतेय. दोन्ही बाटल्या तशाच तिच्या पिशवीत दे. गुंड्याला आजच डॉक्टरांकडे न्या, आणि काय पाजलं ते न लाजता सांग. काकू तुझ्या दारात बसून राहील. मला दोन ओळी लिही आणि तिच्याच हाती दे. तोवर मी खिडकीशी आहे.

तुझाच,
मोठा काका