आंदणाच्या शेळ्यांना मीठ

ताडकळस, ४ फेब्रुवारी २०२४

ती. आबांस शिवकन्येचा शि. सा. न.

फोन सोडून चिठ्ठी कामून, म्हणसाल. फोनवर बोललं की सासूबाई कान देऊन ऐकत्यात. तुमी आंदण दिलेल्या पाची शेळ्यांनी माझं नाक कापायचं ठरवलंय. भिंती चाटायल्यात, वाळत घातलेले कपडे चघळायल्यात, दूध निम्म्यावर आलंय. महिनाअखेरच्या बाजारी विकून टाकू, असं सासूबाईंनी फर्मान काढलंय. आबा, माझं म्हणावं असं या घरात शेळ्यांबिगर काय हाय? मी तर त्यांचे लय लाड करते. खाऱ्या हिरीचं पाणी बंद करून दोन महिने झाले नळाचं गोड पाणी पाजायलेय. इलाज कळवा, लवकर.

तुमची लेक,
शिवकन्या


बोरी, ७ फेब्रुवारी

चि. शिवकन्येस बिरूचे अनेक आशीर्वाद. लिहिणारा तुझा भाऊ आदिनाथ, चुका त्याच्या.

पोरी, तुझे लाडच नडले. हिरीच्या पाण्यातनं त्यांना मीठ मिळत होतं, तेच तू तोडलंस. माझा आजा मेंढरं घेऊन फिरायचा तवा बैलांवरनं आलेलं खडेमीठ आधी घ्यायचा, गूळ मागनं. दर अमावस्येला सपाट दगडांवर मेंढरांसाठी मीठ मांडायचा. आमी पोरं तेच चोरून चाटायचो अन् मार खायचो. घसा धरला की त्याच मिठाच्या गुळण्या, गुडघा धरला की तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी.

सैंधवाचा मोठा खडा दावणीला टांग. पण आधी पोटभर पाणी पाज, मग मीठ, अन् पाणी समोरच राहू दे. पाण्यावाचून मीठ म्हणजे जिवाशी खेळ. दहा दिसांत फरक न्हाई पडला तर जनावरांच्या डॉक्टरला दाखव. कासाबाई विहीणबाईंना रामराम सांग.

तुझा,
आबा


ताडकळस, २७ फेब्रुवारी

ती. आबांस शि. सा. न. आदिनाथचा कान माझ्या वतीनं पिळा, अक्षर लागता लागंना.

आबा, जिंकलो. आठव्या दिशी भिंती चाटणं सुटलं, आता दूधबी पहिल्यासारखं हाय. जनावराला कसले हे चोचले, म्हणून सासूबाई नाक मुरडत होत्या. मग मी त्यांच्या दुखऱ्या गुडघ्याला मिठाची पुरचुंडी धरली. आता रोज सांजच्याला आपणच तवा चुलीवर ठेवून मला हाक मारत्यात.

काल व्यापारी दोरी घेऊन दारात हजर. सासूबाईंनीच आधी सांगून ठेवलेला. मी दावणीपाशी उभी. सासूबाईंनी त्याला चहा पाजला अन् म्हणाल्या, "शेळ्या सुनेच्या हायत. तिला इचारा."

लग्नाला चार वर्षं झाली आबा, या घरात मला कुणी काही इचारलं ते काल पहिल्यांदा. मी न्हाई म्हणले, अन् त्यो गेला.

जीव लावताच, तसाच लावत राहा.

तुमची लेक, पाच शेळ्यांची मालकीण,
शिवकन्या