तक्रारदाराचे समाधान

३ जून
पोलिसांवरच्या तक्रारी आता कुणालाही वाचता येतात. वाचनालयातल्या बाईंनी कॉम्प्युटरवर काढून दिल्या. ह्यांची सापडली, दोन वर्षांपूर्वीची. दुकानातून चौकशीला नेले, सकाळी दवाखान्यात मृत — बस. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, पाठभर वळ, त्यातलं काही नाही. शेवटी — 'तक्रारदाराचे समाधान झाले. प्रकरण निकाली.'

तक्रारदार म्हणजे मी.

बाई म्हणाल्या, "सरकारी भाषा हो ती, मनावर घेऊ नका." मग कुठे घेऊ?

४ जून
माझं समाधान झालं आणि मलाच पत्ता नाही.

७ जून
पुन्हा गेले. ह्यांना नेणाऱ्या फौजदारावर आणखी तक्रारी. एका मुलाचा हात मोडला — समाधान झाले. एकीने दावा लावला, तिला भरपाई, 'चूक मान्य न करता'. चूक नाही तर भरपाई कशाची? वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत अक्षर ओळखायला शिकले मी. हे वाचायला शिकले होते का?

११ जून
वकीलबाई म्हणाल्या, "समाधानाच्या जबाबावर तुमची सही नसेल, तर प्रकरण उघडेल." नाहीच. ह्यांना बघितलं, तक्रार लिहून दिली आणि तिथेच पडले, दोन दिवस शुद्ध नव्हती. वकीलबाईंनी अर्ज टाकला. जबाबाची नक्कलही मागवली.

१९ जून
नक्कल आली. नाव माझं, अक्षर लेकीचं. शेवटच्या अक्षराला तिची ती शेपटी.

संध्याकाळी ती आली. कागद पुढे ठेवला. तिने तो उलटा करून ठेवला. मग म्हणाली, "सही केल्याशिवाय बाबांना ताब्यात देत नव्हते गं, आई. सकाळपासून शवागाराच्या दारात उभी होते. काय करायला हवं होतं मी, सांग ना."

मी चहा टाकला. दोघींचाही गार झाला.

२० जून
वकीलबाईंना सगळं सांगितलं. म्हणाल्या, "कारण सांगू आपण, पण सही खोटी म्हटली की आधी लेकीला बोलावतील."

"कुठे?"

"त्याच पोलीस ठाण्यात."

२ जुलै
लेक म्हणते, "जाईन मी. तू माघार घेऊ नकोस." भांडी विसळत म्हणाली, माझ्याकडे पाठ करून. हातातून पेला दोनदा निसटला.

८ जुलै
सुनावणी. अधिकाऱ्याने कागद पुढे सरकवला. "बाई, ही सही तुमची?"

माझीच, म्हटलं.