उजवा खांदा

६ जानेवारी, मंगळवार

अंगारकीचा उपास, आणि देव्हाऱ्यासमोर मुंडकं उडालं! लॅपटॉपभर रक्त. गंधाली शांतपणे म्हणते, "अजून लांब उडायला हवं गं आई." मी डोळे मिटून जप चालू ठेवला.

पोरीचं कामच हे. अंधेरीच्या ऑफिसात गेम बनवतात, हिच्याकडे राक्षस. एकेक राक्षस तीन-तीन महिने घडवते. आता तिथे मशीन आणलंय — जेवणापासून चहापर्यंत दोनशे राक्षस! साहेब हर्षद सोमवारी ठरवणार, हिचा घ्यायचा की मशीनचा. मशीनचा घेतला तर हिच्यासकट पाच जण घरी.

हे म्हणाले, "बरंच झालं. कणकवलीचं स्थळ तयार आहे. फेब्रुवारीत उरकू." गंधाली ताटावरून उठली.

७ जानेवारी

आमटीत मीठ जास्त. डाव्या गालावर दोन. शेजारच्या नमिताला सांगितलं, दार लागलं.

९ जानेवारी, शुक्रवार

बिरडं सोलता सोलता गंधालीला विचारलं, एवढी कापाकापी, लोकांना यात आवडतं काय? तर म्हणाली, "मरणं."

"काहीतरीच!"

"ऐक ना. मशीनचा राक्षस दिसायला भयंकर, पण कधी मारेल पत्ता नाही. माणूस चिडतो, बंद करतो. चांगला राक्षस मारायच्या आधी सांगतो. जरासंच. तुला ते दिसलं नाही, मेलीस — चूक तुझी. म्हणून परत खेळतेस. मरत मरत शिकतेस. तीन वार चुकवलेस की चौथा तुझा."

"आणि मग?"

"मग मुंडकं."

दहावीपर्यंत शिकले मी, मला यातलं काय कळणार? पण खोटं कशाला लिहू, कळलं.

१२ जानेवारी, सोमवार

लिहून टाकते.

आज गंधालीच्या ऑफिसात प्रत्येकाने घरातलं एक माणूस न्यायचं होतं, ज्याने जन्मात गेम धरला नाही. मी गेले. ह्यांना सांगितलं, देवळात भजन आहे. एसी एवढा की पदर घट्ट ओढून बसले. तिथे अर्धा-अर्धा कप चहा टाकून देतात!

दोन बटणं. एकाने सरकायचं, एकाने मारायचं. आधी मशीनचा राक्षस. पाच वेळा मारलं मेल्याने, कुठून ते कळलंच नाही. मी ठेवून दिलं.

मग गंधालीचा. काळा, भलामोठा, हातात गदा. गदा आली — मी सरकले. परत आली — सरकले. तिसरी डोक्यावरून गेली. चौथा मी घातला! पोरं खुर्च्या सोडून भोवती जमली. "काकू, झकास! काकू, हाण!" मी हाणत होते. देवाशपथ, जोरात हाणत होते. मुंडकं उडालं तेव्हा माझ्या तोंडून शिवी गेली.

हर्षदने मान हलवली. "काकूंना एकदाही लागलं नाही. फारच सोपा आहे गंधाली. सॉरी, मशीनचा घेऊ."

गंधालीचा चेहरा पांढराफटक. माझ्यामुळे! जिंकून मी पोरीची वाट लावली.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हटलं, "साहेब, सोपा नाही तो. त्याचा उजवा खांदा आधी वर जातो. जबडा आवळतो. मग हात येतो. मला ते सत्तावीस वर्षं पाठ आहे. आमच्या घरीच असतो तो."

गंधाली जमिनीकडे बघत म्हणाली, "मुद्दाम नाही केलं गं आई. मारणारा हात काढायला बसले की हाच येतो."

कोपऱ्यात फरशी पुसणारी रतन उभी होती. मीच म्हटलं, हिला द्या. रतन अकरा वेळा मेली. "थांब भाड्या, बघतेच तुला!" म्हणत पुन्हा पुन्हा उठली. बादलीतलं पाणी गार झालं, बाई सोडेना. बाराव्यांदा मुंडकं उडवलं आणि रडायलाच लागली.

मग हर्षद म्हणाला, "गंधालीचाच घ्या."

१३ जानेवारी

गंधालीने विचारलं, "खांदा बदलू का? तुला बघवणार नाही."

म्हटलं, राहू दे. सगळ्यांना दिसू दे.

मुंडकं उडवल्यावर बरं वाटलं होतं, त्याबद्दल देवापुढे एक माळ जास्त ओढली. तरी बरंच वाटतंय.

१४ जानेवारी, संक्रांत

गुळपोळी लाटत होते. नोकरी राहिली, कणकवलीला नाही म्हणून कळवा, एवढंच म्हटलं. ह्यांचा खांदा वर गेला. सरकले. दुसरा — सरकले. तिसरा ओट्यावर. लाटणं हातातच होतं. चौथा माझा.

दवाखान्यात डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, मनगट कसं मोडलं? ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली. म्हणाले, "दार लागलं."